‘एफ-३० असताना पिन गन कशाला?’ या मेसेजला उत्तर

सुतारकामाच्या ग्रुपवर एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. (पिन गन आणि एफ-३० या दोन्ही कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या गन. पहिली बारीक पिना मारते, दुसरी जाड खिळे.) “पिन गन म्हणजे खेळणं. तिची पिन काही धरत नाही. एफ-३० गन घ्या, दोन्ही कामं होतात. घ्यायचीच असेल तर सगळ्यात लांब पिन मारणारी घ्या आणि कॉम्प्रेसर मोठा ठेवा.”

पिन धरत नाही, हे अर्धं खरं आहे. तिला डोकं नसतं, जाडी जेमतेम ०.६ मिलिमीटर. सरळ ओढली तर सुटून येणारच. पण तिला धरायला सांगितलंय कुणी? धरतो फेविकॉल. तो सुकेपर्यंत पट्टी जागची हलू द्यायची नाही, एवढंच पिनेचं काम. गोल कडेवरची बीडिंग (शोभेची बारीक लाकडी पट्टी), कोपऱ्यातला ४५ अंशाचा जोड, अशा जिथे क्लॅम्प म्हणजे दाबून धरणारा शिकंजा बसतच नाही तिथे ती लागते. दोन पिना एकमेकींकडे झुकवून तिरक्या मारल्या की पट्टी उचललीही जात नाही. फेविकॉल न लावता नुसत्या पिनांवर बीडिंग मारायची आणि ती सुटली की गनला शिव्या घालायच्या, याला काय म्हणावं!

एफ-३० ने दोन्ही कामं? एफ-३० मध्ये १८ गेजची खिळी जाते (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप). ती पिनेच्या साधारण दुप्पट जाड, म्हणजे लाकडात घुसणारं लोखंड जवळजवळ चौपट. सहा मिलिमीटरच्या सागवानी पट्टीच्या टोकाजवळ ती मारून बघा, पट्टी रेषेत चिरते. नाही चिरली तरी भोक उरतं, त्यात पुट्टी भरावी लागते आणि पॉलिशनंतर तो ठिपका नेमका खिडकीच्या उजेडात दिसतो. ड्रॉवरचा तळ, कपाटाची पाठ, रंगाखाली जाणारं काम यांना एफ-३० उत्तमच. तिथे पिन गन काढूही नये.

सगळ्यात घातक सल्ला लांब पिनेचा. ८ मिलिमीटरची पट्टी १२ मिलिमीटरच्या प्लायवर बसवायची, म्हणजे एकूण जाडी २०. त्यात ३० ची पिन सरळ मारली तर पलीकडून बाहेर येणार. इथे १५ ते १८ पुरते. शिवाय पिनेची तार इतकी बारीक, की आत लाकडाची कडक रेषा लागली तर ती वळते आणि कडेने बाहेर पडते. नेमकं तिथेच आपलं पट्टी दाबून धरलेलं बोट असतं. पिन जेवढी लांब, त्याहून जास्त अंतरावर बोटं हवीत. बाजारात पी-६२२ आणि पी-६३० अशा गन मिळतात. शेवटचे दोन आकडे म्हणजे जास्तीत जास्त पिनेची लांबी. नुसती बीडिंग आणि लिपिंग (प्लायची कड झाकणारी पट्टी) करणाऱ्याला ६२२ भागते. १८ च्या प्लायच्या कडेला जाड पट्टी लावत असाल तर ६३० घ्या.

कॉम्प्रेसरचं थोडक्यात. पिन गन हवा फारच कमी खाते, एक एचपीचा छोटा कॉम्प्रेसर आरामात पुरतो. प्रेशर वाढवून उलट नुकसानच होतं: मऊ पाइनमध्ये डोकं नसलेली पिन पट्टीतून आरपार निघून जाते आणि पट्टी मोकळीच राहते. आधी टाकाऊ तुकड्यावर मारून रेग्युलेटर लावून घ्या.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट मात्र दुकानात जरूर विचारा: पिना संपल्यावर गन थांबते का? स्वस्तातल्या बऱ्याच गन रिकाम्याच उडत राहतात. आपण पट्टी लावत पुढे जातो, प्रत्येक ठिकाणी भोक दिसतं, पण आत पिन नसतेच.