प्री-सिक्स्टीफोर तेवढी सोनं, बाकी सगळं भंगार? थांबा जरा

विंचेस्टर मॉडेल ७० या अमेरिकन शिकारी रायफलचा विषय निघाला की ती ठरलेली पोस्ट फिरायला लागतेच. मजकूर साधारण असा की १९६४ च्या आधी बनलेली तीच खरी मॉडेल ७०, त्यानंतर कंपनीने पैसे वाचवायला रायफलची माती केली, नंतरच्या अडकतात, निशाण्याला भरवशाच्या नाहीत, परत ती मजा आलीच नाही, आणि व्हिएतनाममध्ये अमेरिकन मरीन स्नायपर कार्लोस हॅथकॉकने पण जुनीच वापरली होती, विषय संपला.

आधी जे खरं आहे ते देऊन टाकतो. बदल पैसे वाचवायलाच झाले होते, जुना रिसीव्हर, म्हणजे ज्यात बोल्ट सरकतो तो रायफलचा मुख्य पोलादी भाग, मशीनवर कोरून काढायला प्रचंड वेळ जायचा आणि तिकडे रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीने १९६२ ला मॉडेल ७०० रायफल बाजारात आणलेली, बनवायला कितीतरी सोपी. आणि १९६४ चा माल दिसायला खरंच भिकार होता, हाताने कापलेल्या चेकरिंगच्या (पकडीसाठीच्या चौकडीच्या खाचांच्या) जागी लाकडावर ठसा दाबून उठवलेली नक्षी, आणि बॅरल आणि लाकडामध्ये एवढी फट की बघणाऱ्याला वाटावं दस्ता दुसऱ्याच रायफलचा लावलाय. शिव्या पडल्या त्या योग्यच पडल्या. पण दिसणं वेगळं, चालणं वेगळं, आणि पोस्टवाल्याने दोन्ही एकाच पोत्यात भरलंय.

आता ते "अडकते" प्रकरण. बोल्ट म्हणजे हाताने पुढे-मागे सरकवून काडतूस आत घालणारा दांडा, आणि जुन्या बोल्टच्या बाजूला जुन्या जर्मन माउझर ९८ रायफलसारखा लांब स्प्रिंगचा क्लॉ, म्हणजे काडतूस पकडणारा आकडा असतो. बोल्ट हळू पुढे ढकलून बघा, काडतूस मॅगझिनमधून वर येतं तेव्हाच त्याच्या बुडाची कड सरकत क्लॉखाली जाते आणि तिथपासून ते बोल्टच्या पकडीत. अर्ध्यात हात थांबला आणि बोल्ट मागे ओढला तर काडतूसही मागे येतं आणि बाहेर पडतं. १९६४ च्या पुश फीडमध्ये बोल्ट काडतुसाला फक्त ढकलतो, छोटा हुक कडेवर बसतो तो बोल्ट पूर्ण पुढे गेल्यावर, त्यामुळे घाईत अर्ध्यावरून मागे ओढलं की पहिलं पुढेच राहतं आणि मागून दुसरं येऊन धडकतं. फरक आहे, आणि अंगावर येणाऱ्या म्हशीसमोर उभं असाल तर मोठा आहे. पण ही चूक हाताची, बोल्ट शेवटपर्यंत नेला तर पुश फीड वर्षानुवर्षं विनातक्रार चालते, रेमिंग्टन ७०० पुश फीड, वेदरबी मार्क ५ पण पुश फीड, त्यांना कोणी भंगार म्हणत नाही. उलट एक गोष्ट पोस्टमध्ये कधीच नसते, नव्या बोल्टच्या तोंडाला काडतुसाच्या बुडाभोवती पोलादी कडं आहे, जुन्यात ते नाही, म्हणजे काडतुसाचं बूड फाटलंच तर गॅस सांभाळायला नवी डिझाईन जास्त बरी.

निशाण्याचं म्हणाल तर जुन्या स्टँडर्ड मॉडेलला दस्त्याच्या पुढच्या भागातून एक स्क्रू थेट बॅरलखालच्या उंचवट्यात जातो. लाकूड दमट हवेत फुगलं की ते बॅरलला ओढतं आणि गोळी कालच्या जागी लागत नाही, हे जुन्या रायफली वापरणारे स्वतःच सांगतात आणि बरेच जण तो स्क्रू सैल ठेवतात. १९६४ ची ती कुरूप फट म्हणजे फ्री फ्लोट बॅरल, लाकडाला न टेकणारी. दिसायला वाईट, कामाला चांगली.

"परत ती मजा आलीच नाही" हे तर सरळ चूक. १९६८ ला बोल्ट अडखळू नये म्हणून त्याला गाइड दिला, १९७२ ला कापलेलं चेकरिंग परत आलं, १९९२ ला क्लासिक नावाने तो जुना क्लॉच परत आला. २००६ ला विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना बंद पडला, पण २००८ पासून एफएन या बेल्जियन कंपनीने अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात पुन्हा बनवायला घेतली, तीही क्लॉवालीच. आणि तीन पोझिशनची सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेला खटका, तर १९६४ लाही गेली नव्हती. म्हणजे "१९६४ नंतरची" असं म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, बाबा, यातली नेमकी कुठली?

मला सगळ्यात जास्त खटकतं ते म्हणजे प्री-सिक्स्टीफोर म्हणजे जणू एकच रायफल आहे असं बोलणं. १९३६ ते १९६३, सत्तावीस वर्षं, पावणेसहा लाखाच्या वर नग. युद्धाआधीच्या रायफलींचं काम सुंदर, पण रिसीव्हरच्या मागच्या ब्रिजला (मागच्या भागाला) स्कोप म्हणजे दुर्बीण बसवायची भोकंच नाहीत, मग कोणीतरी नंतर ड्रिल मारलेलं असतं आणि कलेक्टरसाठी तिची किंमत तिथेच ढासळते. १९५२ ची फेदरवेट हलकी पण ट्रिगर गार्ड ॲल्युमिनियमचा. ३०८ आणि २४३ सारखी आखूड काडतुसं मोठ्या काडतुसांसाठीच्या त्याच लांब ॲक्शनमध्ये, मॅगझिनमध्ये तुकडा टाकून जागा भरलेली. शेवटच्या दोन-चार वर्षांत तर मशीनं झिजलेली आणि फिनिशिंग उतरलेलं, हे जुन्यांचे कट्टर चाहतेही कबूल करतात. शिवाय ३०० एच अँड एच काडतुसाचं चेंबर (काडतूस बसायची जागा) वाढवून ३०० वेदरबी काडतुसासाठी केलेल्या, म्हणजे मूळच्या न राहिलेल्या, कितीतरी फिरतायत, सिरियल नंबर ७ लाखाच्या खाली, म्हणजे प्री-सिक्स्टीफोर, दिसला की लोक पुढचं काही बघतच नाहीत.

राहिला हॅथकॉक. त्याच्याकडे थर्टी-ओ-सिक्स काडतुसाची जुनी मॉडेल ७० होती, बरोबर. पण ती दुकानातून उचलून आणलेली शिकारी रायफल नव्हती, आर्मरर लोकांनी, म्हणजे सैन्याच्या शस्त्र कारागिरांनी, त्यावर काम केलेलं. आणि त्याच मरीन कोअरने १९६६ ला एम४० घेतली, म्हणजे रेमिंग्टन ७००, म्हणजे पुश फीड! आणि १९६७ चा हॅथकॉकचा तो २,५०० यार्डांचा प्रसिद्ध शॉट, जो प्रत्येक पोस्टमध्ये मॉडेल ७० च्या नावावर खपवतात, तो ब्राउनिंग एम२ मशीनगनवर स्कोप चढवून मारलेला होता.