कर्दळ उपटा, पेव्हर ब्लॉक बसवा

सोसायटीच्या मागे कर्दळीचा वाफा असेल तर आधी तो उपटून टाका. आम्ही याच मे महिन्यात उपटला, त्यामुळे अनुभवाचे बोल आहेत.

आमचा वाफा म्हणजे काय, तर खाली खडी, वर वाळू, त्यात कर्दळ आणि थोडं पाणकणीस. एका विंगच्या अंघोळीचं पाणी आधी टाकीत निवळायचं, मग खडीतून मुळांना घासत, स्वच्छ होत पलीकडे जायचं आणि त्याच पाण्यावर बाग जगायची. शेजारी शोषखड्डा होता, तो गच्चीवरचं पावसाचं पाणी प्यायचा. वीज नाही, मोटर नाही, ऑपरेटर नाही. म्हणजे फुकटच. आणि फुकटच्या गोष्टीला जनरल बॉडीत किंमत नसते. चार स्कूटर मावतील एवढी जागा 'वाया' जात होती. ठराव सर्वानुमते मंजूर. (मी हात वर केला नव्हता. मिनिट्समध्ये तरीही सर्वानुमतेच आहे.)

ठरावाला कारण लागतं. 'डास होतात' हे द्या. पाणी खडीच्या खालून वाहतं, वर थेंब दिसत नाही, मग डास अंडी कुठे घालणार, असले प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसवा. गेटवरच्या बंद कारंज्यात अळ्या वळवळताहेत, तिकडे बघू नका. ते कारंजं आहे. शोभेचं आहे.

कुणी म्हणेल, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने हीच पद्धत 'फायटोरिड' नावाने विकसित केली आहे, मुळांभोवतीचे जिवाणू घाण खातात. सांगा, 'खेड्यात ठीक आहे हो.' तो हट्टाने कोलकात्यावर जाईल. शहराच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टर पाणथळ, २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. शहराचं सांडपाणी तिथल्या तळ्यांत ऊन आणि शेवाळाच्या जोरावर निवळतं आणि त्यावर मासे पोसतात. त्यावर आमच्या सेक्रेटरींनी दिलेलं उत्तर पाठ करून ठेवा : 'आपल्या सोसायटीत मासे चालत नाहीत.'

सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र असेल, तर त्याचा हवा सोडणारा ब्लोअर फक्त तपासणीच्या दिवशी चालू करा.

आता मोठं काम. मागून ओढा वाहत असेल तर त्याला ओढा म्हणणं आजपासून बंद करा. नाला म्हणा. ओढ्याला काठ असतो, करंज-उंबर असतात, पूर आला तर पसरायला जागा असते. नाल्याला फक्त रुंदी असते आणि ती कमी करता येते. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, तळाला काँक्रीट, जमलं तर वर स्लॅब. याला सुशोभीकरण म्हणायचं. काठची माती पाणी पीत होती, धरून ठेवत होती, सावकाश सोडत होती. ती गेली की पाणी घसरगुंडीवरून यावं तसं खालच्या वस्तीच्या डोक्यावर येतं. येऊ दे, खालची वस्ती आपली नाही! कात्रजच्या डोंगरातून निघणाऱ्या आंबील ओढ्याचं पुण्यात याहून वेगळं काय केलं? टेकड्या फोडल्या, काठ दाबले, वळणं अडवली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो भिंती पाडत सोसायट्यांत शिरला. माणसं गेली, गोठ्यात बांधलेली जनावरं गेली, गाड्या खेळण्यांसारख्या एकमेकींवर चढल्या. मग आपण काय शिकलो? सीमाभिंत आणखी उंच बांधायला! ओढ्याला जागा द्या म्हटलं की एफएसआय, म्हणजे किती बांधता येईल त्याचा हिशेब आठवतो, भिंत बांधा म्हटलं की टाळ्या पडतात.

असो. सल्ले देत होतो.

वाफा उपटताना जवळ उभे राहू नका. मी राहिलो. मजुराने कर्दळीचा एक गड्डा ओढला, तर मुळांनी आवळलेली मूठभर खडी तशीच वर आली. दगडादगडाभोवती पांढरी मुळं गुंडाळलेली. नाकाशी नेऊन बघितलं, ओल्या मातीचा वास. सहा वर्षं त्या खडीतून अख्ख्या विंगचं साबणाचं पाणी गेलं होतं. मजूर म्हणाला, 'साहेब, हे चांगलं चाललेलं होतं की.' त्याला कळलं. त्याला मतदानाचा हक्क नव्हता.

पेव्हर ब्लॉक खाली काँक्रीट ओतून पक्के बसवले. शोषखड्डाही बुजवला, झाकण हलत होतं म्हणून. जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात पार्किंगमध्ये पाणी स्कूटरच्या सायलेन्सरपर्यंत आलं आणि चेंबरमधलं काय काय त्यात मिसळलं, ते लिहीत नाही. रात्री अकराला ग्रुपवर मेसेज : 'कॉर्पोरेशन झोपलंय का?'

कॉर्पोरेशनचं राहू द्या. कॉर्पोरेशनला शिव्या मीही घालतो, रोज घालतो. पण हा खड्डा कॉर्पोरेशनने बुजवला नाही, तुम्ही बुजवलात. सह्या तुमच्या आहेत, पैसे आपल्या सिंकिंग फंडातले, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेले आहेत. उपटू नका म्हणून मी मीटिंगमध्ये दोनदा सांगितलं, तेव्हा चहा आला म्हणून तुम्ही विषय बदललात. आणि आता टँकरवाल्याचं बिल वाढलं म्हणून मलाच विचारता, बागेला पाणी कुठून आणायचं? लाज वाटू द्या जरा.

ज्या चार स्कूटरसाठी हे सगळं केलं, त्या सध्या बाहेर रस्त्यावर उभ्या असतात. मागे गाळ आहे.