टाकीतला भात

सकाळपासून शाळेच्या ग्रुपवर ई-20 पेट्रोलवरून, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, रण माजलंय. कुणाचं मायलेज पडलं, कुणाच्या जुन्या स्कूटरचे रबरी पाइप जाणार. खिशाला चाट बसली की माणूस ओरडणारच. पण एवढ्या मेसेजमध्ये एकानेही विचारू नये, की हे इथेनॉल बनतं कशाचं?

उसाचं, मक्याचं आणि तांदळाचंसुद्धा, मंडळी. अन्न महामंडळाच्या गोदामातल्या तांदळाचं. 2024-25 च्या हंगामासाठी सरकारने डिस्टिलऱ्यांना, म्हणजे इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांना, 52 लाख टन मोकळा केला, क्विंटलला 2,250 रुपयांनी. सरकारलाच तो चार हजारांच्या आसपास पडतो. टनाला साधारण साडेचारशे लिटर इथेनॉल. 35 लिटरची टाकी फुल केली की सात लिटर इथेनॉल आलं. सगळं तांदळाचं धरलं तर पंधरा किलो तांदूळ. तिघांचं महिन्याचं रेशन!

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींबरोबर मागे रेशन दुकानात गेले होते. भांडी घासून घासून त्यांच्या अंगठ्याच्या रेषाच गेल्यात. मशीन अंगठा घेईना. पदराला पुसला, दुकानदाराने ठेवलेलं खोबरेल लावलं, दुसरं बोट दिलं. लाल दिवाच. ‘उद्या या.’ एका दिवसाची मजुरी गेली ती गेलीच.

गोदामं भरून वाहतात, तांदूळ किडतो, मान्य. मग मावशींच्या पिशवीत का नाही पडत? पाच किलोसाठी बाईने अंगठा सिद्ध करायचा आणि डिस्टिलरीला ट्रकच्या ट्रक, तेही अर्ध्या भावात. संताप येतो अक्षरशः. आणि सरकारला हे कळत नाही असंही नाही. भाव चढायला लागले तेव्हा जुलै 2023 मध्ये हाच तांदूळ डिस्टिलऱ्यांना द्यायचा बंद केला होता की! म्हणजे पोटाचा नंबर आधी लागतो हे ठाऊक आहे, फक्त सोयीने आठवतं.

असो. जरा पाणी पिऊन आले.

मळीचं करा, सडक्या धान्याचं करा, माझी ना नाही. तेलाची आयात कमी व्हावी हेही खरंच. मक्याचं मात्र मला धड ठरवता येत नाही. कोंबडीखाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाले रडतात, पण जालन्याच्या मामाला कधी नव्हे तो बरा भाव मिळाला. हे वाचून त्याचा फोन येणारच. येऊ दे. मक्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. तांदळाचं तेवढं त्याने मला पटवून दाखवावं, आणि जमलं तर मावशींनाही.