आधी हँगर बघा हो!

सायकल उजव्या बाजूला पडली, की मागचा डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, आपटतो आणि तो ज्याला लटकलेला असतो तो हँगर वाकतो. इतकी साधी गोष्ट! पण नाही. पुण्यातल्या तिसऱ्या दुकानात परवा पुन्हा तेच. सायकल स्टँडवर चढायच्या आत स्क्रूड्रायव्हर बाहेर. डिरेल्युअर किती आत-बाहेर जाईल ते ठरवणारे स्क्रू, एच पिळ, एल पिळ, केबल ताण, केबल सोड. गिअर तरी उड्या मारतोयच! मग काय, "डिरेल्युअर गेला, नवा टाका." अहो, मागून एकदा डोळा लावून बघितलंत का? डिरेल्युअरचा पिंजरा, चेन ज्यातून जाते तो खालचा भाग, चाकाला समांतर आहे का? वाकलेल्या हँगरवर नवा डिरेल्युअरही वाकडाच चालणार ना! अ‍ॅल्युमिनियमचा तो तुकडा मुद्दाम मऊ ठेवतात, फ्रेम वाचावी म्हणून. तो तपासून सरळ करायचं गेज मिळतं, ते एक दुकानात ठेवता येत नाही?

आणि प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. हँगर आत वाकलेला असताना चढावर सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन टाकली, की पिंजरा थेट स्पोकमध्ये घुसू शकतो. सिंहगडाच्या चढावर माझ्या मुलीचं तेच झालं. सहा स्पोक तुटले, चाक जागच्या जागी जाम. आदल्याच दिवशी गिअर 'सेट' करून आणले होते!