शिट्टी नको, ओव्हनही नको: चिकन पार्मेजानच्या फॉरवर्डला उत्तर

मागच्या आठवड्यात आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज येऊन पडला. थोरल्या जाऊबाईंनी लातूरहून पाठवलेला. त्यांना कुणी पाठवला, ते त्यांनाही आठवत नाही. विषय चिकन पार्मेजान, म्हणजे ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं चिकन, वर टोमॅटोचा सॉस नि वितळलेलं चीज. मेसेजचं म्हणणं असं: चिकनला आधी कुकरची एक शिट्टी द्या, नाहीतर आत कच्चं राहतं. ओव्हन नसेल तर नादी लागू नका. चुरा विकतचाच हवा. सॉस भरपूर ओता, म्हणजे मांस मऊ राहतं. आणि खरं पार्मेजान चीज मिळत नसेल, तर शेकडो वर्षांपासूनची ही इटलीची डिश आपल्या घरी होणं नाही.

परभणीत माझ्याकडे ओव्हन नाही, पार्मेजान तर नाहीच. तरी महिन्यातून एखाद्या रविवारी मी हे करते, म्हणून लिहायला बसले.

शिट्टीची गोष्ट आधी, कारण त्या सल्ल्याने माझं अर्धा किलो चिकन वाया गेलंय. शिट्टी देऊन काढलेले तुकडे मी अंड्यात बुडवले, चुऱ्यात घोळवले, कढईत सोडले. मिनिटभरात चुऱ्याचं आवरण पायातला मोजा निघावा तसं निघून तेलात तरंगायला लागलं. आत राहिला तो चोथा. कारण साधं आहे. शिजताना मांस आकसतं आणि आपलं पाणी बाहेर टाकतं, त्या गुळगुळीत ओल्या अंगाला काही चिकटत नाही. वर तळताना तेच चिकन दुसऱ्यांदा शिजतं.

गावरान कोंबडीला शिट्ट्या लागतात, हे खरंच. पण दुकानात मिळते ती ब्रॉयलर, पाच-सहा आठवड्यांची. तिच्या छातीच्या तुकड्याला कुकर कशाला? कच्चं राहतं ते जाडीमुळे. दुकानदाराला सांगायचं, छातीचा पीस पुस्तकासारखा उघडून दे. घरी तो जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लाटण्याने हलके ठोके द्यायचे, सगळीकडून सारखा, बोटाएवढ्या जाडीपेक्षा कमी होईतो. कडेला पातळ नि मध्ये जाड राहिला, तर कडा करपते आणि मधला भाग गुलाबी राहतो. सारखा ठोकलेला तुकडा मध्यम आचेवर एका बाजूने तीन-चार मिनिटांत होतो. मोजायचंच असेल, तर आत 74 अंश सेल्सिअस झालं की चिकन खायला सुरक्षित.

आवरण टिकतं ते क्रमामुळे. चिकन धूत बसू नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. ते फडक्याने किंवा कागदाने कोरडं करा. मग मीठ-मिरपूड, मग मैदा, मग फेटलेलं अंडं, मग चुरा. मैदा उरलीसुरली ओल पितो, अंडं त्याला धरतं, चुरा अंड्याला. एक हात कोरड्याचा, एक ओल्याचा, नाहीतर तुमची बोटंच तळायला तयार होतात. घोळवून झालं की पंधरा मिनिटं तसंच फ्रीजमध्ये ठेवायचं. मैद्याऐवजी बेसन चालेल का, असं ग्रुपवर एकाने विचारलं. चालेल, पण त्याची चव भज्याकडे जाते.

चुरा विकतचा कशाला? एप्रिलात आमच्या गच्चीवर फडक्याखाली ठेवलेल्या ब्रेडच्या स्लाइस दुपारपर्यंत कडकडीत होतात. मिक्सरमध्ये जाड रव्याएवढ्या फिरवायच्या. फक्त बेकरीतले टोस्ट वापरू नका. ते गोड असतात, साखर लवकर जळते आणि चिकन व्हायच्या आत रंग काळपट होतो.

ओव्हनचं काम इथं चीज वितळवण्यापुरतंच, चिकन तर कढईत शिजलेलंच असतं. मी तव्यावर पापड भाजायची जाळी ठेवते, तिच्यावर तुकडे, वर सॉस नि किसलेलं चीज, वर खोलगट झाकण किलकिलं ठेवून. जाळीमुळे खालची बाजू वाफेत भिजत नाही. झाकण घट्ट लावलं, तर वाफेचं पाणी चीजवर टपकतं आणि कुरकुरीतपणा गेला. दोन-तीन मिनिटं पुरतात.

सॉसबद्दलचा सल्ला तर नेमका उलटा. भरपूर सॉस म्हणजे भिजलेला ब्रेड. टोमॅटो, ठेचलेला लसूण, मीठ एवढंच तेलात आटवायचं, पळी ओढली की तळाशी वाट राहील इतकं. आंबट वाटला तर गुळाचा खडा. एका तुकड्याला दीड-दोन चमचे, तेही मधोमध, कडा मोकळ्या. बाटलीतलं केचप घालू नका, त्यात साखर नि व्हिनेगर असतं.

राहिला इटलीचा दरारा. दक्षिण इटलीत पार्मिजाना म्हणतात ते वांग्याचं! तळलेले काप, टोमॅटो नि चीज यांचे थर. त्यावरून चिकनचा हा प्रकार बसवला तो अमेरिकेत गेलेल्या इटालियन लोकांनी, विसाव्या शतकात. तिथं मांस परवडायला लागलं होतं. म्हणजे 'शेकडो वर्षं' गेली. मेसेजातलं खरं पार्मेजान म्हणजे पार्मिजानो रेजानो नावाचं चीज, ते उत्तर इटलीतल्या पार्मा, रेजिओ एमिलिया, मोदेना आणि बोलोन्या-मांतोवाच्या काही भागांतच बनतं आणि किमान 12 महिने मुरवतात. ते उत्तमच, पण तार येते ती मोझरेलाला, आणि मोझरेला परभणीच्या डेअरीत मिळतं. शिवाय त्या अस्सल चीजसाठी दूध विरजतात ते वासराच्या जठरातल्या रेनेटने. मेसेज पुढे ढकलणाऱ्या किती घरांना हे चालेल? पाकिटावर हिरवा ठिपका असलेल्या चीजमध्ये ते नसतं.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर जाऊबाईंचं उत्तर आलं: 'मला गुरुवार असतो. वांग्याचंच सांग की.' सांगितलं. भरताच्या मोठ्या वांग्याचे बोटभर जाड काप करा, मीठ लावून अर्धा तास चाळणीत निथळत ठेवा, दाबून पुसून घ्या. अंड्याच्या जागी मैद्याचं सरसरीत पीठ. बाकी सगळं वरच्यासारखंच, जाळीसकट.