चिंतेसाठीच्या अ‍ॅपचे यश कशावरून मोजायचे?

विद्यापीठातील विद्यार्थ्यांना चिंता हाताळता यावी म्हणून अ‍ॅप तयार करणाऱ्यांनी, विद्यार्थी त्यात किती वेळ राहिला हे यशाचे माप मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ९३ मानसिक आरोग्य अ‍ॅप्सच्या प्रत्यक्ष वापराचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅप घेतल्यानंतर तिसाव्या दिवशीही ते उघडणाऱ्यांचे प्रमाण त्यात मध्यक धरता जेमतेम ३.३ टक्के निघाले. असे आकडे पाहून निर्माते धास्तावतात आणि गेम्समधून सलग दिवसांची मोजणी (स्ट्रीक), बॅजेस आणि रोजची नोटिफिकेशन्स उसनी आणतात. परंतु सोडून गेलेल्यांपैकी बरे वाटले म्हणून किती गेले आणि कंटाळून किती गेले, हे त्या आकड्यातून कळतच नाही. शिवाय सगळेच हातून निसटते आहे असे जिला आधीच वाटते आहे, तिला ऐन परीक्षेच्या आठवड्यात ‘तुमची स्ट्रीक तुटली’ असे कळवून आपण नेमके काय साधतो?

चिंता टिकून राहते ती बऱ्याच अंशी टाळाटाळीमुळे. मार्गदर्शकांना ईमेल लिहायचा असतो, छाती धडधडू लागते, लॅपटॉप मिटताच हायसे वाटते, आणि हे हायसे वाटणेच पुढच्या वेळीही टाळायला शिकवते. म्हणूनच सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) या विचार आणि वर्तन बदलण्यावर आधारलेल्या उपचारपद्धतीत भीती वाटणाऱ्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्यावर भर असतो. बहुतेक अ‍ॅप्सचा जीव मात्र श्वसनाच्या व्यायामांत आणि शांत संगीतात अडकलेला दिसतो. त्यांचा उपयोग नाही असे नाही. पण ईमेल लिहिण्याऐवजी विद्यार्थी दर वेळी तेच उघडू लागला, तर अ‍ॅप हीच टाळाटाळीची नवी, प्रतिष्ठित जागा ठरते. दोन मिनिटांच्या श्वसनानंतर अ‍ॅपने ‘त्या ईमेलची पहिली ओळ काय असेल?’ एवढे विचारावे आणि स्वतःहून बंद व्हावे.

मोजमापाचेही तसेच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली जीएडी-७ ही चिंतेची तीव्रता मोजणारी सात प्रश्नांची प्रश्नावली मागील दोन आठवड्यांविषयी विचारते, त्यामुळे ती रोज भरून घेण्यात अर्थ नाही. तिचे गुण ० ते २१ असतात. १० किंवा अधिक आले तर पुढील तपासणी व्हावी एवढाच त्याचा अर्थ, ते निदान नव्हे. मध्यरात्री लाल रंगात ‘१६’ दाखवून पुढचा मार्ग न सांगणारा स्क्रीन मला बेजबाबदारपणाचा वाटतो. मदतीचा दूरध्वनी क्रमांक पहिल्याच स्क्रीनवर, लॉगिन आणि इंटरनेटशिवाय दिसलाच पाहिजे.

चॅटबॉटच्या समर्थनार्थ वोबॉट या चॅटबॉटचा २०१७ चा प्रयोग नेहमी पुढे केला जातो. त्यात ७० तरुण होते आणि कालावधी दोन आठवड्यांचा होता. नैराश्याची लक्षणे चॅटबॉट वापरणाऱ्यांत अधिक घटली हे खरे. चिंता मात्र नुसते ई-पुस्तक मिळालेल्या गटातही कमी झाली होती. हा दुसरा भाग सादरीकरणांतून हमखास गळतो.

गोपनीयतेबाबत विद्यार्थ्यांची शंका रास्त आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी इतर कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला ७८ लाख डॉलर भरायला लावले. अ‍ॅप विद्यापीठानेच दिले असेल, तर आपले चिंतेचे गुण विभागप्रमुखांपर्यंत पोहोचतील ही भीती आणखी वाढते. नोंदी फोनमध्येच राहाव्यात, आणि विद्यापीठाला एकत्रित आकडे द्यायचेच झाले तर आठ-दहा जणांच्या वर्गाचे वेगळे आकडे कधीही देऊ नयेत, कारण एवढ्या लहान गटात कोणते गुण कोणाचे हे सगळेच ओळखतात.