'स्पिव' म्हणजे उलटा व्हीआयपी नव्हे

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. काळाबाजारवाल्याला ब्रिटिश लोक 'स्पिव' म्हणतात, कारण 'व्हीआयपीज'ची इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की 'स्पिव' होतं. खाली पुरवणी जोडलेली: हा पोलिसांच्या वहीतला शेरा, 'सस्पेक्टेड पर्सन्स अँड इटिनरंट व्हॅग्रंट्स' (संशयित आणि भटके लोक) याची आद्याक्षरं. शब्द जन्मला महायुद्धातल्या रेशनिंगमध्ये आणि अर्थ काय, तर गुंड. यातलं एकही विधान टिकत नाही.

पहिलं विधान. अक्षरं जुळतात, पण काळ जुळत नाही. 'व्हीआयपी' लोकांच्या तोंडी रुळला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. लंडनच्या रस्त्यावर पेपर विकणारा हेन्री बॅगस्टर मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात 'स्पिव' या टोपणनावाने ओळखला जात होता. बेकायदा विक्री आणि किरकोळ फसवणुकीपायी तो वरचेवर कोर्टात उभा राहायचा आणि त्याच्या बातम्या छापून यायच्या. १९२९ साली गुन्हेगारी जगावरच्या एका पुस्तकात हा शब्द आलेलाही आहे. लेक आईच्या आधी कशी जन्मेल?

आद्याक्षरांची गोष्ट खरी वाटते, कारण त्यात खऱ्याचा एक कण आहे. १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्यात 'सस्पेक्टेड पर्सन' हे शब्द खरोखर होते आणि त्या कलमाखाली पोलीस १९८१ पर्यंत माणसं उचलत होते. पण त्यावरून 'स्पिव' झाला याचा पुरावा कुणीही दिलेला नाही. आद्याक्षरं जोडून बोलता येईल असा शब्द घडवायची सवयही मुख्यतः विसाव्या शतकातली. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, असं आपल्यापैकी कितीतरी जणांना शाळेत शिकवलं गेलं. तेही चूकच. 'न्यू' म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन 'न्यूज', इतकं ते साधं आहे.

मग शब्द आला कुठून? शब्दकोश मूळ अनिश्चित सांगतात. पण मला सर्वांत पटणारा धागा कापडाच्या दुकानात सापडतो. १८५९ च्या एका इंग्रजी बोलभाषेच्या कोशात 'स्पिफ्स' हा शब्द नोंदला आहे. फॅशन उलटलेला, पडून राहिलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला की दुकानातल्या पोराला मालक वर जे कमिशन देई, ते 'स्पिफ'. कुणाला नको असलेला तागा तो पोरगा काउंटरवर उलगडतो, हात फिरवून त्याची तारीफ करतो, आणि विकला गेला की चार नाणी खिशात टाकतो. छानछोकीने राहणाऱ्यासाठीचा 'स्पिफी'ही त्याच काळातला. गोड बोलणं, झकास कपडे आणि संशयास्पद माल, स्पिवचं सगळं सामान इथे आधीच जमलेलं आहे.

युद्धाने शब्द जन्माला घातला नाही, घरोघरी पोचवला. जानेवारी १९४० मध्ये लोणी, साखर आणि बेकनवर रेशन आलं, जून १९४१ मध्ये कपड्यांवर. खाण्यापिण्यावरचं शेवटचं रेशन उठलं जुलै १९५४ मध्ये. चौदा वर्षं टंचाईची, म्हणून फुटपाथवर सूटकेस उघडून नायलॉनचे मोजे विकणाऱ्याला गिऱ्हाईक तयारच असे. त्याचा पोशाख बघा. १९४२ मध्ये कापड वाचवण्यासाठी सरकारने पुरुषांच्या नव्या सुटात डबल-ब्रेस्टेड कोट आणि पँटच्या पायांशी दुमड यांवर बंदी घातली. अशा दिवसांत रुंद खांद्यांचा, ऐसपैस कापडाचा सूट घालून कोपऱ्यावर उभा असलेला माणूस 'माझ्याकडे माल आहे' हे तोंड न उघडता सांगत होता.

'गुंड' हा अर्थ तर साफ चुकीचा. स्पिव मारहाण करत नाही, तो जुळवून देतो. आपल्याकडचा 'चालू माणूस' त्याच्या जास्त जवळचा. कष्टाचं काम टाळायचं आणि मिळेल त्या सौद्यात हात मारायचा. म्हणून १९४७ मध्ये मनुष्यबळ कमी पडल्यावर काम न करणाऱ्यांना नोंदणी करायला लावणारा जो सरकारी आदेश निघाला, त्याला लोकांनी 'स्पिव आणि ऐतखाऊ' यांचा आदेश म्हटलं. आणि सप्टेंबर २०१० मध्ये तेव्हाचे ब्रिटिश मंत्री व्हिन्स केबल यांनी आपल्या पक्षाच्या अधिवेशनात 'स्पिव आणि जुगारी' म्हणून झोडपलं, ते बँकांच्या जगातल्या लोकांना.